दोघंच जाऊ का बँकॉकला?

परभणी जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ५३. यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, या उन्हाळ्यात निवृत्त झाले. मुलगी सासरी, मुलगा पुण्यात नोकरीला. लग्नाला ३१ वर्षं झाली. तुळजापूर, पंढरपूर, एकदा तिरुपती एवढाच प्रवास, तोही सगळ्या घरादारासोबत. आता मुलानं आईवडिलांना दिवाळीनंतर बँकॉकला पाठवायचं ठरवलं आहे. यजमान म्हणतात, जायचं तर पस्तीस जणांच्या ग्रुपबरोबर, पाच दिवसांत बँकॉक आणि पटाया. ताईंच्या मनात जायचंच नाही. इंग्रजी येत नाही, दोघंही शाकाहारी, गुडघे दुखतात, एवढ्या पैशात शेतात बोअर झाला असता, आणि बँकॉकचं नाव काढलं की भावकीतले पुरुष एकमेकांकडे बघून हसतात. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, "ग्रुपमध्ये नाही गेलो तर आम्ही दोघंच पाच दिवस तिथं करणार काय आणि बोलणार काय?"

ताई,

तुम्ही न जाण्याची पाच कारणं दिलीत आणि सहावी गोष्ट जाता जाता लिहिलीत. मला वाटतं, तुमचं खरं पत्र त्या शेवटच्या ओळीतच आहे. जेवण, इंग्रजी, गुडघे या सगळ्यांवर तोडगे आहेत, ते पुढे सांगतेच. पण दोघांनीच जायची धास्ती मनात असेल तोवर ते तोडगे कामी येणार नाहीत. काही ना काही नवं कारण निघेल आणि सहल राहून जाईल.

तुमच्या आजवरच्या सहली मला डोळ्यांसमोर आणता येतात, कारण आपल्याकडे बहुतेक घरांत त्या तशाच होतात. भाड्याची जीप, दहा-बारा माणसं, पुढे ड्रायव्हरजवळ गुरुजी, मागे बायका-लेकरांत तुम्ही. पहाटे तीनला उठून दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी तुम्हीच बांधलेली. उतरल्यावर लेकरं मोजायची, सासूबाईंचा हात धरायचा, ओल्या साड्या पिळून गाडीत टाकायच्या. घरी आल्यावर गुरुजींनी काय पाहिलं आणि तुम्ही काय पाहिलं, हे एकमेकांना विचारायला सवड कुणाला होती? तेव्हा दोघांना एकमेकांशी बोलता येत नाही असं तुम्ही धरून चाललात, ते मला पटत नाही. तशी वेळच तुमच्यावर कधी आलेली नाही.

आणि रागावू नका, पण हा प्रश्न बँकॉकनं आणलेला नाही. गुरुजी निवृत्त झालेत, दिवसभर घरात आहेत. दुपारी जेवणं झाल्यावर एकजण पेपर घेऊन बसतं, एकजण टीव्ही लावतं, असंच चाललं असेल तर प्रश्न घरात आधीच आलेला आहे. बाहेर उलट बोलायला विषय शोधावे लागत नाहीत. कोणत्या बोटीत चढायचं, या फळाला काय म्हणत असतील, आपलं हॉटेल उजवीकडे की डावीकडे, इथूनच बोलणं सुरू होतं. मध्येच तास-दोन तास कुणी काही बोललं नाही तरी बिघडत नाही. इतक्या वर्षांच्या जोडप्यानं नदीकाठी गप्प बसून राहण्यात काही चुकीचं नाही.

गुरुजी ग्रुपचाच आग्रह का धरतात, हे तुम्ही त्यांना विचारलंय का? एकदा विचारा, पण भांडणाच्या सुरात नको. ज्या माणसानं तीसेक वर्षं वर्गात सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली, त्याला परक्या शहरात बायकोसमोर रस्ता चुकण्याची भीती वाटू शकते. तसं असेल तर तुम्हा दोघांची भीती एकच आहे. तुम्ही ती 'जायचंच नको' म्हणून झाकताय, ते 'ग्रुप' म्हणून झाकतायत.

आता भावकीच्या हसण्याचं बघू. बँकॉकमध्ये ज्या गोष्टींसाठी लोक डोळे मिचकावतात, त्या आहेत. नाहीत असं मी म्हणणार नाही. पण त्या ठरावीक रस्त्यांवर आहेत आणि संध्याकाळनंतर आहेत. उरलेलं शहर राजवाड्यांचं, विहारांचं, नदीचं आणि बाजारांचं आहे. आणि परभणीकरांना थायलंड इतकं परकं कशासाठी वाटावं? २०२३ च्या जानेवारीत थायलंडहून आलेले शंभरावर भिक्खू परभणीहूनच पायी निघाले आणि मुंबईला चैत्यभूमीपर्यंत चालत गेले. मराठवाड्यातली कितीतरी बौद्ध कुटुंबं या देशाकडे श्रद्धेनं बघतात. हसणाऱ्यांना तुम्ही खुलासा देत बसू नका. कुणी विचारलंच तर 'रामायणाची चित्रं बघायला चाललो' म्हणा. ते खरंच आहे.

बँकॉकच्या राजवाड्याचं बांधकाम १७८२ मध्ये सुरू झालं. त्याच्या आवारात पाचूच्या रंगाच्या बुद्धाचं मंदिर आहे. मूर्ती लहानशी, हिरव्या पाषाणाची. उन्हाळा, पावसाळा आणि थंडी, असे वर्षातून तीनदा तिचे सोन्याचे पोशाख बदलतात आणि तो मान राजाचा असतो. मंदिराभोवतीच्या ओवऱ्यांच्या भिंतींवर थाई रामायणातली १७८ चित्रं सलग काढलेली आहेत. तिथला हनुमान पांढराशुभ्र आहे आणि आपल्या मारुतीसारखा ब्रह्मचारी नाही. दहा तोंडांचा रावण हिरव्या अंगाचा आहे. मी पाहिलं, बहुतेक ग्रुप त्या ओवरीतून चालता चालता दोन फोटो काढून बाहेर पडतात, कारण गाईडची शिट्टी वाजलेली असते. तुमच्यासारख्या रामायण पाठ असलेल्या बाईनं आणि गुरुजींसारख्या शिक्षकानं तिथं भिंतीला धरून सावकाश चालावं. कोणता प्रसंग आहे ते ओळखावं, आपल्या कथेपेक्षा कुठं वेगळं पडतं यावर वाद घालावा. तिथं बोलणार काय, हा प्रश्न तुम्हाला पडणार नाही.

मग ग्रुप घ्यायचा की नाही? ग्रुप वाईट असं माझं म्हणणं नाही. ज्यांना मोठं आजारपण आहे, ज्यांना एकटं राहिलं की झोप लागत नाही, ज्यांना ताटात रोज वरण-भातच लागतो, त्यांनी ग्रुपमध्येच जावं आणि निर्धास्त फिरावं. मराठी टूर मॅनेजर, आपलं जेवण, आपली माणसं, ही छोटी सोय नाही. पण पाच दिवसांत बँकॉक आणि पटाया म्हणजे काय, ते नीट बघा. पटाया दीडशे किलोमीटरवर आहे. जाण्या-येण्यातच जवळजवळ एक दिवस बसमध्ये जातो. तिथं समुद्रकिनारा आहे, रात्रीचे शो आहेत आणि तुम्हाला ज्याची धास्ती वाटते ती वस्तीही बँकॉकपेक्षा जास्त डोळ्यांवर येणारी आहे. शिवाय ग्रुपच्या कार्यक्रमात रत्नांच्या दुकानाची फेरी असतेच असते. पहाटे सहाला बॅगा दाराबाहेर, सातला नाश्ता, आठला बस, आणि गुडघे तुमचे.

माझा सल्ला मधला आहे. विमानाचं तिकीट आणि एकाच हॉटेलातल्या पाच रात्री मुलाकडून काढून घ्या. पटाया गाळा. एका दिवसासाठी तिथलाच गाईड आणि गाडी घ्या, म्हणजे पहिल्या दिवशी राजवाडा नीट बघून होईल आणि भीड चेपेल. बाकीचे दिवस तुमचे. हॉटेल फाया थाई स्टेशनजवळ बघायला सांगा. सुवर्णभूमी विमानतळावरून सुटणारी रेल्वे तिथं साधारण अर्ध्या तासात आणून सोडते आणि तिथूनच शहरातली उन्नत रेल्वे मिळते. टॅक्सीवाल्याशी घासाघीस करण्याची वेळच येत नाही.

रोज एकच मोठी गोष्ट बघायची, तीही सकाळी. दुपारी खोलीवर येऊन पडायचं. परभणीचं ऊन सोसलेल्या माणसाला वाटतं, आपल्याला उन्हाचं काय? पण तिथली हवा दमट असते. घाम वाळत नाही आणि माणूस लवकर थकतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा त्यातल्या त्यात सुखाचा काळ. दिवाळीनंतरचा बेत म्हणूनच चांगला आहे. जमलं तर त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमाराला जा. तिथं त्याच पौर्णिमेला लोक केळीच्या सोपटाचे, पानाफुलांचे द्रोण करून त्यात दिवा लावतात आणि नदीत सोडतात. आपल्याकडे कार्तिकात दिवे सोडणाऱ्या बाईला ते कुणी समजावून सांगायला नको.

संध्याकाळी नदीवर जा. उन्नत रेल्वेनं सियाम स्टेशनला गाडी बदलून सफान ताक्सिनला उतरलं की खालीच धक्का आहे. तिथून चाओ फ्राया नदीतून चालणाऱ्या प्रवासी बोटी सुटतात. धक्क्यांना नंबर दिलेले आहेत, त्यामुळे नाव वाचता आलं नाही तरी अडत नाही. आठ नंबरला उतरलात की जवळच वाट फो हे बुद्धाचं देऊळ आहे. 'वाट' म्हणजे थाईत देऊळ. तिथला निजलेला बुद्ध ४६ मीटर लांब आहे. त्याच्या तळपायांवर शिंपल्यांच्या तुकड्यांनी १०८ मंगलचिन्हं जडवलेली आहेत. पाठीमागच्या बाजूला १०८ धातूची भांडी ओळीनं मांडलेली असतात. लोक प्रत्येकात एकेक नाणं टाकत पुढे जातात आणि देवळात तो टणटण आवाज सतत चालू असतो. त्याच आवारात पारंपरिक थाई मालिश शिकवणारी जुनी शाळा आहे. मालिश म्हटलं की लगेच भावकीतल्यांचं हसू आठवेल तुम्हाला. पण इथं अंगावर कपडे ठेवून, चारचौघांत, गाद्यांवर मालिश होतं. या विद्येला २०१९ मध्ये युनेस्कोनं वारसा म्हणून मान दिला. तुम्ही दोघांनी शेजारी बसून फक्त पायांचं करून घ्या. गुडघ्याचं दुखणं जुनं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि तिथं गुडघ्याला हात लावू देऊ नका.

समोरच्या काठावर वाट अरुण दिसतं, सूर्याच्या सारथ्याच्या, अरुणाच्या नावाचं. मधे फक्त नदी, आणि ती ओलांडायला छोटी बोट, अगदी मोजक्या पैशांत. त्या देवळाच्या मनोऱ्याला चिनी मातीच्या बश्यांचे रंगीत तुकडे चिकटवून फुलं केलेली आहेत. लांबून ती नक्षी दिसते, जवळ गेलं की बशीचा काठ ओळखू येतो. पायऱ्या फार उभ्या आहेत, त्या तुम्ही चढू नका. खाली बसून बघायलाही तेवढंच छान आहे.

वाट फोपासून जवळच फुलांचा बाजार आहे, पाक ख्लोंग तलात. झेंडू, मोगरा, कमळं यांचे ढीग. बायका मांडीवर परात घेऊन मोगऱ्याच्या कळ्या लांब सुईत ओवत असतात आणि त्यांचा हात इतका भरभर चालतो की तुमच्यासारख्या गजरे करणाऱ्या बाईचा पाय तिथून निघणार नाही. गुरुजींना त्यात गोडी नसेल तर त्यांना चहा-कॉफीच्या दुकानात बसू द्या. पाच दिवस एकमेकांच्या सावलीसारखं फिरायची सक्ती नाही. रोज तास-दीड तास आपापलं बघायचं आणि मग ठरल्या जागी भेटायचं. मग सांगायलाही काहीतरी असतं.

इंग्रजीची भीती मात्र तुम्ही खरोखर सोडा. तिथल्या फळवालीलाही इंग्रजी येत नाही. ती कॅल्क्युलेटरवर आकडा दाबून तुमच्यासमोर धरते, तुम्ही मान हलवता, व्यवहार संपला. फोनमधलं भाषांतराचं ॲप मराठी बोललेलं थाईत करून दाखवतं. हॉटेलचं नाव आणि पत्ता थाई लिपीत लिहिलेला कागद दोघांच्याही खिशात असू द्या, दोन वेगळे कागद. गाडी लागलीच तर ग्रॅब ॲपवरून बोलवा, भाडं आधीच दिसतं. एक सावधगिरी बाळगा. राजवाड्याच्या बाहेर कुणी गोड बोलून "आज बंद आहे, मी तुम्हाला दुसरीकडे नेतो" म्हणालं तर थांबू नका, सरळ मोठ्या दरवाजापर्यंत चालत जा. त्याची टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, शेवटी रत्नांच्या किंवा कपड्यांच्या दुकानात जाऊन थांबते. राजवाड्याचं तिकीट ५०० बात (तिथलं चलन) आहे आणि दुपारी साडेतीननंतर आत सोडत नाहीत. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. तुमची साडी चालते, पदर खांद्यांवरून घ्या. गुरुजींनी हाफ पँट घेऊ नये. भिक्खूंना स्त्रीनं स्पर्श करायचा नसतो. बोटीत, गाडीत शेजारी आले तर थोडं अंतर ठेवा. सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला स्टेशनात, बागेत राष्ट्रगीत लागतं, सगळे जागच्या जागी उभे राहतात. तुम्हीही थांबा.

जेवणाचं. अडचण मांसाची कमी आणि माशाच्या पाण्याची जास्त आहे. भाजी नुसती दिसली तरी तिच्यात माशाचा अर्क किंवा कोळंबीचं वाटण असू शकतं, कच्च्या पपईच्या कोशिंबिरीतसुद्धा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात 'เจ' असं चिन्ह असेल तिथं खुशाल खा, ते जेवण पूर्ण शाकाहारी असतं, कांदा-लसूणही नसतो. ते चिन्ह फोनमध्ये फोटो काढून ठेवा. पाहुरात नावाच्या भागात आपल्याकडच्या कापड दुकानदारांची जुनी वस्ती आहे, तिथं पुरी-भाजी, मिठाई सगळं मिळतं. तिथला मोठा गुरुद्वारा जरूर बघा. नांदेडला हुजूर साहिबला लंगर घेतलेल्या माणसाला तिथं पंगतीत बसायला संकोच वाटायचं कारण नाही. हातगाडीवर पेरू, आंबा, अननस कापून तिखट-मीठ लावून देतात. आणि दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी बॅगेत टाकाच. पण दोन दिवसांपुरतीच. पाच दिवसांची शिदोरी नेली तर तुम्ही तिथंही सगळ्यांना वाढायलाच बसाल.

बोअरच्या पैशांबद्दल फार लिहीत नाही. मुलाला सहल द्यायची आहे, बोअर नाही. एकूण खर्चाचा आकडा त्याच्याशी बसून ठरवा आणि त्याच्या वर जाऊ नका म्हणून सांगा. पॅकेज घेतलं तर त्यावर टीसीएस, म्हणजे सहल कंपनीनं आधीच वसूल करायचा कर, लागतो. तो विवरणपत्र भरताना करात वळता होतो, एवढं त्याच्या लक्षात आणून द्या. एका बातला अडीच-तीन रुपये पडतात. तिथल्या एटीएमला परक्या कार्डावर दर वेळी मोठं शुल्क लागतं, म्हणून थोडे बात इथूनच घेऊन जा. सोनं घरी ठेवा. गळ्यात काळी पोत पुरे.

जायच्या आधी एक करा, आणि हे तुमच्यासारख्या सगळ्याच जोडप्यांना सांगते. सोयाबीन निघालं की दोघंच दोन दिवस हैदराबादला जाऊन या. देवगिरी एक्सप्रेस परभणीहूनच मिळते. चारमिनार बघा, पण मुख्य काम मेट्रोचं. यंत्रातून तिकीट काढा, फाटकातून आतबाहेर करा, सरकत्या जिन्यावर चढा-उतरा. बँकॉकमध्ये सरकते जिने जागोजागी आहेत आणि साडी नेसलेल्या बायकांना पहिली धडकी तिथंच भरते. निऱ्या एका हातानं किंचित उचलायच्या, दुसरा हात कठड्यावर, पाय पिवळ्या रेघेच्या आत. साडीखाली बूट घाला, चपला नकोत. ही तालीम गुरुजींनाही लागेल. तिकिटं आणि पैसे या वेळी तुमच्या पर्समध्ये राहू द्या आणि रस्ता गुरुजींनी विचारावा. हैदराबादहून बँकॉकला थेट विमानंही आहेत, चार तासांच्या आतबाहेर. परभणीकरांना मुंबईपेक्षा तेच सोयीचं पडेल, मुलाला दोन्हीकडचे दर बघायला सांगा.

कागदपत्रांत बायकांचं घोडं नेहमी नावात अडतं. आधारवर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, बँकेत तिसरंच. पासपोर्टचा अर्ज भरण्याआधी ते एकसारखं करून घ्या, त्यालाच जास्त वेळ जातो. फी दीड हजार रुपये आहे, पोलिसांची चौकशी होते. प्रवासाच्या तारखेपासून पुढे सहा महिने तरी पासपोर्टची मुदत हवी. व्हिसाचे नियम मधूनमधून बदलतात, तिकीट काढायच्या दिवशी मुलाला थाई दूतावासाच्या साइटवर बघायला सांगा. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत एक ऑनलाइन आगमन कार्ड भरायचं असतं. ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती खोटी समजा.

आज रात्री गुरुजींचं जेवण झालं की त्यांना ग्रुपबद्दल विचारा. मग दोघांनी मिळून मुलाला फोन लावा, फोन स्पीकरवर ठेवा. ग्रुपचं बुकिंग अजून केलं नसेल तर थांबव म्हणा. ॲडव्हान्स भरला असेल तर किती परत मिळतो आणि कोणत्या तारखेपर्यंत, ते लिहून घ्या.